सतरा गुण

गुरुवारी, कामनिकच्या बाजारात न खपलेल्या तीन बरण्या घेऊन
ती आत आली, आणि काउंटरवर ठेवला
चौदा वर्षांचा लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळलेला.
नाव विदा ओब्लाक.
माझ्या भाषेत विदा म्हणजे साठवलेली माहिती,
हे तिला मी मागेच सांगितलं होतं.
"मग मला नीट जप," म्हणाली होती, "दोन ठिकाणी."

"नवी प्रणाली झेपेल का याला?
जुनीचे दिवस भरले असं पडदा रोज सांगतो,
नेमकी जेवायला बसले की."

झाकण उघडलं. बटणांच्या फटीत मेण.
एंटर चिकटतं, दोनदा दाबावं लागतं.
तिला इतकी सवय झालीय
की दारावरची घंटाही ती दोनदाच वाजवते.

तपासणीचा प्रोग्राम लावला.
तो सावकाश फिरला, घरभर चष्मा शोधणाऱ्यासारखा,
मग बोलला:
डिस्क ठीक, मेमरी पुरेशी,
प्रोसेसर आमच्या यादीत नाही,
सुरक्षेची चिप हवी ती नाहीच.

आमच्याकडे लग्नाआधी पत्रिका बघतात, मी म्हणालो,
छत्तीस गुण, त्यातले अठरा तरी जुळावे लागतात.
"याचे किती?"
सतरा.
"आणि मोजतं कोण?"
मी गप्प. माझ्या पाठीशी फळीवर
सहाशे युरोंचे तीन नवे चकचकीत उभे होते.
तिनं चिठ्ठी वाचली. "पन्नास किलो मध," म्हणाली,
"आणि यंदा मे महिन्यातच अकेशिया गारठून गेली."

पंखा कण्हत होता, म्हणून मागचे स्क्रू काढले.
धुळीच्या गादीवर एक करडी मधमाशी,
पाय पोटाशी, पंख शाबूत.
विदानं ती चिमटीत उचलून चष्म्याच्या डबीत ठेवली.
"हिनं कुठं कुणाला विचारलं होतं?"

मग म्हणाली, जुन्या पेटीत नवी राणी घालताना
आम्ही कागद बघत नाही.
राणी छोट्या पिंजऱ्यात, तोंडाला साखरेचं बूच.
माशा आधी चिडतात, जाळीला चावतात,
मग साखर खायला लागतात,
खाता खाता वास ओळखीचा होतो.
बूच संपेपर्यंत ती त्यांची झालेली असते,
किंवा नसते.
घाईनं मोकळी सोडली तर तिच्याभोवती गोळा होतात,
आणि अंगाच्या उबेनंच मारतात.

मी खण उघडला.
नखाएवढा पेन ड्राइव्ह, त्यात दुसरीच एक प्रणाली,
फुकटची, अंगानं हलकी,
डिस्कला बोटही न लावता चालणारी.
पिंजरा, मी म्हणालो.
तिनं मान हलवली, जणू हे मलाच सुचलं होतं.

काळा पडदा. ओळी धावल्या. पंखा ओरडला, निवला.
तिची फाइल उघडली:
दोन हजार बारापासून प्रत्येक पेटीचं वजन.
पेटी सात, जिच्या दर्शनी फळीवर
प्राणी शिकाऱ्याची तिरडी नेताना रंगवलेत,
तिथे दरवर्षी दोन आकडे,
भाऊ स्टाने म्हणतो चाळीस, मी म्हणते अडतीस.
एकोणीसनंतर एकच.
स्टाने ग्राझच्या कारखान्यात गेला,
आता फोनवरून हरकत घेतो.

वायफाय सापडलं. प्रिंटर नाही.
आवाज आला, पण फक्त डाव्या कानाचा.
पत्रिकेत याला घर नाही.

घेऊन जा, म्हणालो, चार दिवस वापर,
पक्कं काही करू नकोस.
"पिंजरा कधी उघडायचा ते मला कळतं," ती म्हणाली,
टॉवेल गुंडाळला, लिंडनच्या मधाची एक बरणी मागे ठेवली,
आणि दारातून परत फिरली:
"काढून घेतला, तर जुनं सगळं तसंच?"
तसंच.

ती गेल्यावर मी माझ्या काउंटरच्या संगणकावर
तोच तपासणीचा प्रोग्राम लावला.
निम्म्यावर आल्यावर बंद केला.